जुन्या पूररेषेवर आगीची हद्द ठेवली की नकाशा होत नाही

न्यू मेक्सिकोतल्या रुइडोसो गावावर प्रकल्प करणाऱ्या एका जीआयएसच्या (संगणकावरच्या नकाशाशास्त्राच्या) विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. फेमाच्या (अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) पूरक्षेत्राचा थर घेतला, 2024 च्या साउथ फोर्क वणव्याची हद्द घेतली, इंटरसेक्ट मारलं (दोन्हींचा सामाईक भाग काढला) आणि दोन्हींत सापडलेली घरं लाल रंगवली. एवढं पुरे का? आणि हीच पद्धत सह्याद्रीतल्या वणव्यांना चालेल का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, पण कारणं वेगळी आहेत. पहिल्याचं कारण लांबलचक आहे, त्यामुळे त्यावरच जास्त लिहितो.

इंटरसेक्ट मारल्यावर तुमच्या हाती फक्त अशी घरं आली जी जळालेल्या भागातही आहेत आणि नदीकाठीही. ती मोजकीच असणार. ज्यांच्या दारात पाणी शिरतं ती घरं बहुतेक वेळा आगीच्या हद्दीबाहेर, खालच्या अंगाला, चांगल्या हिरव्या झाडीत असतात. त्यांना झळसुद्धा लागलेली नसते, आणि म्हणूनच तिथले लोक ‘आपण वाचलो’ म्हणून निर्धास्त असतात. आग वर लागते, पूर खाली येतो. त्यामुळे हद्दींचा छेद न घेता जळिताच्या प्रत्येक घळीपासून पाण्याची वाट धरून खाली उतरावं लागतं.

फेमाचा नकाशा वाईट नाही, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. एखाद्या वर्षी 1 टक्का शक्यता असलेला पूर कुठवर पोचेल, हे तो सांगतो. आपल्याकडच्या जलसंपदा विभागाची लाल रेषा साधारण त्याच जातीची, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची (निळी 25 वर्षांची). त्या रेषेमागचा विसर्ग जुन्या नोंदींवरून काढलेला असतो, आणि त्या नोंदींच्या काळात डोंगरावर जंगल उभं होतं. जंगल गेलं की तो विसर्ग निकालात निघतो आणि त्याच्यावर बेतलेली रेषाही. शिवाय साधारण 1 चौरस मैलाहून लहान पाणलोटाचे ओढे त्या नकाशात बहुधा घेतलेलेच नसतात. वणव्यानंतर सगळ्यात आधी अंगावर येतात ते नेमके हेच ओढे. एरवी त्यांना नावसुद्धा नसतं.

रुइडोसोचीच गोष्ट घ्या. साउथ फोर्कची आग 17 जून 2024 ला लागली आणि 17 हजारांहून जास्त एकर जळालं. पहिले पूर आग धुमसत असतानाच आले. पुढच्या वर्षी, 8 जुलै 2025 ला, जळिताच्या भागावर काही ठिकाणी साडेतीन इंचांपर्यंत पाऊस पडला आणि रिओ रुइडोसो तासाभराच्या आत 20.24 फुटांवर गेली. म्हणजे सहा मीटरहून जास्त, आधीच्या उच्चांकाच्याही चार फुटांवर. तीन माणसं गेली, त्यांत दोन लहान मुलं होती. एरवी ही नदी उन्हाळ्यात पायजमा दुमडून ओलांडावी अशी. तुमच्या नकाशाला या तासाभराचं स्पष्टीकरण देता आलं पाहिजे. सध्याच्या थरांत ते कुठेच नाही.

आता डोंगरावर काय बदलतं ते बघू. जंगलात पडलेला पाऊस आधी पानांवर, मग पालापाचोळ्यावर, मग भुसभुशीत मातीत अडतो. आग हे तिन्ही टप्पे काढून घेते. वर आणखी एक गोष्ट घडते. पालापाचोळ्यातले मेणचट पदार्थ उष्णतेने वाफ होऊन मातीत खाली उतरतात आणि गार थराशी पोचले की मातीच्या कणांवर बसतात. साधारण 175 ते 200 अंश सेल्सियसला हा परिणाम सगळ्यात तीव्र असतो, आणि 280 च्या पुढे ते पदार्थच जळून जायला लागतात. म्हणून सगळ्यात जास्त तापलेल्या जागी पृष्ठभागावर पाणी शोषलं जातं आणि दोन-तीन सेंटिमीटर खाली मेणकापड अंथरल्यासारखा थर लागतो. वरची राख आणि सुटी माती पटकन भिजते, खाली पाणी जात नाही, आणि सगळं एकदम घसरायला लागतं.

म्हणून पहिला खरा थर हवा तो मातीच्या जळण्याच्या तीव्रतेचा. आगीची हद्द नुसती बाहेरची रेघ असते. तिच्या आत निम्मा भाग हिरवाही असू शकतो. मोठ्या आगीनंतर अमेरिकेच्या वनसेवेचं ‘बेअर’ पथक काही दिवसांत हा नकाशा काढतं आणि तो उतरवून घेता येतो. त्याचा पाया डीएनबीआर. उपग्रहाच्या जवळच्या अवरक्त आणि लघुलहरी अवरक्त पट्ट्यांचा आगीआधीचा आणि नंतरचा फरक, लँडसॅटवर 30 मीटरला, सेंटिनेल-2 वर 20 मीटरला. इथे एक खाचखळगा आहे. उपग्रहाला वरून झाडाचं काय झालं ते दिसतं, मातीचं काय झालं ते तो अंदाजाने सांगतो. झुडपाळ भागात झुडूप मुळापर्यंत जळालं की आकडा भरमसाठ येतो, पण आग भर्रकन गेल्यामुळे माती जवळजवळ शाबूत असू शकते. उलट दाट सूचिपर्णी जंगलात झाडाचे शेंडे तपकिरी होऊन टिकून राहतात आणि खाली पडलेले ओंडके रात्रभर धुमसून माती भाजून काढतात.

हे तपासायला जागेवर जावं लागतं, दुसरा इलाज नाही. साधनं साधी आहेत: छोटी खुरपी, पाण्याची बाटली, ड्रॉपर, घड्याळ. राख हळूच बाजूला सारायची, मातीवर पाण्याचा थेंब सोडायचा आणि बघायचं. पाच सेकंदांच्या आत मुरला तर ठीक. पाचाच्या पुढे गोळी होऊन बसला तर माती पाणी नाकारते आहे. मग खुरपीने एक सेंटिमीटर खरवडायचं, पुन्हा थेंब, आणखी एक सेंटिमीटर, पुन्हा थेंब. कितीतरी वेळा वरचा थेंब मुरतो आणि दुसरा मिनिटभर चकचकत बसतो. वर थेंब मुरला म्हणून तिथेच थांबलात तर तीव्र जळालेल्या जागेला ‘कमी’ लिहून याल. शिवाय बारीक मुळं बोटांत धरून चुरडून बघा. लवचीक असतील तर झळ वरवरची, कोळसा होऊन तुटली तर खोलवर गेलेली. तीव्रतेच्या प्रत्येक वर्गातल्या काही जागा तपासल्या तरी डीएनबीआरचे उंबरठे कुठे सरकवायचे ते कळतं.

यानंतर पाण्याचा हिशेब. तो घरबसल्या करता येईल असा मांडून दाखवतो, कारण इथेच बहुतेकांचे नकाशे फसतात. 4 चौरस किलोमीटर पाणलोटाचा ओढा घ्या आणि तासाभरात 40 मिमी पाऊस. जंगल शाबूत असताना कर्व्ह नंबर (पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते सांगणारा, 100 पर्यंतचा आकडा; जितका जास्त तितकं जास्त वाहतं) 65 धरला, तर वाहून येणारं पाणी फक्त 1.1 मिमी. तोच पाणलोट तीव्र जळाला आणि कर्व्ह नंबर 90 झाला, तर 18.9 मिमी. पाऊस तोच, पाणी जवळजवळ अठरापट: आधी सव्वाचार हजार घनमीटर, आता सुमारे 75 हजार. आणि हे केवळ एकूण पाणी झालं. उतार गुळगुळीत झाल्यामुळे ते खाली पोचतंही लवकर, म्हणजे विसर्गाचं शिखर याहूनही जास्त पटीने वाढतं.

आता समजा निम्माच पाणलोट जळाला. नवशिका माणूस 65 आणि 90 ची सरासरी काढतो, 77.5, आणि तो आकडा सूत्रात घालतो. उत्तर येतं 6.4 मिमी. पण जळालेला निम्मा आणि न जळालेला निम्मा वेगवेगळा काढून मग सरासरी घेतली तर येतात 10 मिमी. एका सोयीच्या सरासरीत एक तृतीयांशाहून जास्त पाणी गायब. सूत्र सरळ रेषेतलं नाही, म्हणून आधी पाणी काढायचं आणि मग बेरीज करायची. जीआयएसमध्ये प्रत्येक पिक्सेलला वेगळा कर्व्ह नंबर देणं सोपं आहे. तरी लोक उपपाणलोटाची सरासरी काढून मोकळे होतात, कारण अहवालातला तक्ता लहान दिसतो.

कर्व्ह नंबर ही पद्धत मुळात शेतजमिनीसाठी आणि दिवसभराच्या पावसासाठी बेतलेली आहे. जळालेल्या डोंगरासाठी 90 की 95, यावर दोन अनुभवी माणसं भांडतील. मी ती वापरतो, कारण बाकीच्या पद्धतींना लागणारी माहिती आगीनंतरच्या दोन आठवड्यांत मिळत नाही. पण एकच आकडा देऊन नकाशा काढू नका. खालचा, मधला, वरचा असे तीन काढा आणि तिन्ही दाखवा.

पावसाची निवड हा पुढचा गोंधळ. ‘100 वर्षांतला पाऊस’ घालून नकाशा काढला की तो भयंकर दिसतो आणि गावकरी म्हणतात, आपल्या हयातीत कशाला येतोय. पश्चिम अमेरिकेतल्या नोंदी उलट सांगतात: आगीनंतरचे बहुतेक दगडचिखलाचे लोंढे दर वर्षा-दोन वर्षांनी येणाऱ्या साध्याच पावसाने सुटले आहेत. म्हणून 1, 2, 5 आणि 10 वर्षांचे पाऊस घ्या, आणि कालावधी 15 मिनिटांचा घ्या. 24 तासांचा एकूण पाऊस इथे फारसा कामाचा नाही. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या) आगीनंतरच्या धोक्याच्या नकाशांत बऱ्याचदा ताशी 24 मिमीचा जोर दाखवलेला असतो, म्हणजे 15 मिनिटांत 6 मिमी. मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाला एवढ्या पावसात छत्री उघडावीशी वाटणार नाही. जळालेल्या तीव्र उतारावर तेवढा पुरतो.

या नकाशांमागचं यूएसजीएसचं प्रारूप (गणिती मॉडेल) तुम्ही वापरणारच असाल, तर त्यात काय आहे ते माहीत हवं. 23 अंशांहून जास्त उताराचा आणि मध्यम किंवा तीव्र जळालेला भाग किती, डीएनबीआरची सरासरी, मातीचा धुपण्याचा गुणांक आणि 15 मिनिटांच्या पावसाचा जोर. त्यावरून प्रत्येक घळीत लोंढा सुटण्याची शक्यता निघते. लोंढा खाली कुठवर जाईल, हे मात्र तो नकाशा सांगत नाही. रंगीत घळी जिथे संपतात तिथे धोका संपला असं समजून पुढे पांढरा कागद ठेवलेले प्रकल्प पाहिले की मला घाम फुटतो. त्या पांढऱ्या भागातच गाव असतं.

माँटेसिटोचं उदाहरण यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावं. कॅलिफोर्नियातली थॉमस आग 4 डिसेंबर 2017 ला लागली. 9 जानेवारी 2018 च्या पहाटे, आग पूर्ण आटोक्यात आल्याची घोषणा व्हायच्या तीन दिवस आधी, डोंगरावर 15 मिनिटांच्या मापात ताशी 78 ते 105 मिमी जोराचा पाऊस झाला. पाच घळींतून सुमारे 6 लाख 80 हजार घनमीटर दगड, चिखल आणि ओंडके खाली आले. 23 माणसं गेली, 400 हून जास्त घरांचं नुकसान झालं, 101 क्रमांकाचा महामार्ग जवळजवळ दोन आठवडे बंद राहिला. सक्तीच्या स्थलांतराची रेषा एका रस्त्यावरून, 192 क्रमांकाच्या महामार्गावरून, आखलेली होती. बळी पडलेल्यांतले अनेकजण त्या रस्त्याच्या खालच्या बाजूचे, म्हणजे ‘वाटलं तर जा’ असं सांगितलेले. रस्ता रेषा आखायला सोयीचा असतो, पोलिसांना नाकाबंदी करता येते. चिखलाला रस्ता कुठे आहे हे माहीत नसतं.

तिथे आणखी एक झालं. ओढ्यांवरच्या पुलांत आणि मोऱ्यांत शिळा आणि झाडं अडकली, ओढ्याने पात्र सोडलं आणि लोंढा घरांच्या रांगांमधून गेला. म्हणून जलगतिकीचं प्रारूप चालवताना प्रत्येक पूल आणि मोरी एकदा मोकळी, एकदा निम्मी तुंबलेली आणि एकदा पूर्ण तुंबलेली धरा. माझ्या मते वणव्यानंतरच्या नकाशात पूर्ण तुंबलेली स्थिती हीच मूळ स्थिती मानावी. सहा फुटी पाइपातून झाडाचं खोड आडवं जात नाही, यासाठी संशोधन लागत नाही.

प्रारूपाबद्दल थोडक्यात. हेक-रास या पूरप्रवाहाच्या संगणकप्रणालीचं द्विमितीय रूप फुकट आहे आणि 6 व्या आवृत्तीपासून त्यात चिखलासारख्या प्रवाहांची सोयही आहे. उंचीचा थर लायडारचा (लेसरने मोजलेला) 1 मीटरचा घ्या. 10 मीटरच्या थरात छोटा ओढा आणि त्याच्या काठचा बांध दोन्ही पुसले जातात. गाळामुळे प्रवाह फुगतो तो हिशेबात धरा: आकारमानाने 20 टक्के गाळ असेल तर स्वच्छ पाण्याचा विसर्ग 1.25 ने गुणायचा, 40 टक्के असेल तर 1.67 ने, 50 टक्क्यांना थेट दुप्पट. त्यापुढे तो पाण्याचा पूर राहत नाही, ओल्या काँक्रीटसारखा चालतो आणि वेगळी गणितं लागतात. आणि एक तपासणी संगणकाशिवाय करा. घळीच्या तोंडाशी गाळाचा पंखा (ओढ्याने आणून पसरलेला, पंख्याच्या आकाराचा गाळ-दगडांचा ढीग) आहे का ते लायडारच्या छायांकित नकाशात बघा. माँटेसिटो अशाच पंख्यांवर वसलेलं आहे आणि तिथल्या बागांतले हत्तीएवढे दगड कुणी गाडीने आणलेले नाहीत. प्रारूप म्हणतं इथे पाणी येत नाही आणि जमीन म्हणते पूर्वी दगड आले होते, अशा वेळी मी जमिनीचं ऐकतो.

नकाशावर तारीख छापा, आणि तो कधी बदलायचा तेही. पाण्याचा आणि लोंढ्यांचा धोका पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त असतो. झुडपाळ भागात हिरवळ लवकर परतते, सूचिपर्णी जंगलात वेळ लागतो. रुइडोसोचा मोठा पूर दुसऱ्या पावसाळ्यात आला, हे लक्षात घ्या. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पुराचा जोर उतरायला लागतो, तेव्हा मेलेल्या झाडांची मुळं कुजून वेगळीच भानगड सुरू होते: उथळ भूस्खलनं. त्याचा नकाशा वेगळा, याच्यात मिसळू नका.

लाल-हिरवी घरं एवढंच देऊन थांबू नका. प्रत्येक वस्तीसाठी दोन आकडे काढा: किती जोराच्या पावसाला धोका सुरू होतो, आणि वर पाऊस पडल्यापासून दारात पाणी यायला किती मिनिटं. लहान घळींत हा वेळ अर्ध्या तासापेक्षाही कमी निघतो. मग वरचं पर्जन्यमापक कुठे बसवायचं, भोंगा कधी वाजवायचा, कोणता रस्ता आधी बंद करायचा, हे सगळं त्या दोन आकड्यांवरून ठरतं. डोंगराआड रडारला खालचा पाऊस नीट दिसत नाही, म्हणून माथ्यावरची मापकं लागतातच. जाता जाता, तिकडे राहणाऱ्यांसाठी: अमेरिकेच्या राष्ट्रीय पूरविम्याला एरवी 30 दिवस थांबावं लागतं, पण संघराज्याच्या जमिनीवरच्या आगीमुळे पूर आला असेल आणि पॉलिसी आग आटोक्यात आल्यापासून 60 दिवसांच्या आत घेतली असेल, तर ही अट सुटू शकते. नकाशात घर पांढऱ्या भागात आहे म्हणून विमा न घेणारे बरेच भेटतात.

राहिला सह्याद्री. आपल्याकडचे वणवे फेब्रुवारी ते मे दरम्यानचे, आणि जळतं ते मुख्यतः वाळलेलं गवत आणि पालापाचोळा. आग झरझर पुढे सरकते, उष्णता मातीत फार खोल जात नाही. रात्रभर धुमसणारे ओंडके हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार नाही. त्यामुळे पश्चिम अमेरिकेच्या माहितीवर बसवलेले गुणांक इथे उचलून आणले तर आकडे येतील, पण त्यांना अर्थ नसेल. माळीण (30 जुलै 2014) आणि इरशाळवाडी (19 जुलै 2023) यांची आठवण अशा चर्चेत हमखास निघते. त्या दुर्घटना वेगळ्या होत्या: मुसळधार पावसाने आतपर्यंत भिजलेली माती उतारावरून सुटली. आगीनंतरचे लोंढे कोरड्या डोंगरावर पंधरा मिनिटांच्या सरीने, पृष्ठभागावरच्या पाण्याने सुटतात. यंत्रणा दोन, नकाशे दोन.

तरीही इथे काम करायचं असेल तर एक सावधगिरी बाळगा. सह्याद्रीतली पानगळीची झाडं नेमकी वणव्याच्या दिवसांत उघडी होतात. डिसेंबरचं चित्र आणि एप्रिलचं चित्र यांचा डीएनबीआर काढला तर नुसती पानगळही ‘जळालेली’ दिसेल. आगीच्या अगदी आधीचं चित्र घ्या, किंवा गेल्या वर्षीचं त्याच आठवड्याचं, आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्था वापरते त्या व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या संवेदकाने टिपलेल्या आगीच्या ठिपक्यांशी ताडून बघा. पुराच्या उंचीपेक्षा इथे मातीची धूप आणि पाझर तलावात येणारा गाळ हा जास्त कामाचा विषय आहे. एक जळालेला आणि एक शाबूत असे शेजारचे दोन ओहोळ निवडा आणि जूनच्या पहिल्या सरींचा गाळ मोजा. जुलै उजाडला की दोन्हीकडे गवत गुडघ्याला लागतं आणि फरक ओळखता येत नाही.